छर्रा महाग हवा की नेमका?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने कांस्यपदक पटकावले आणि नेमबाजी घरोघरी चर्चेचा विषय ठरली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याचे तर शस्त्रनिर्मितीशी जुने नाते आहे. अंबरनाथमध्ये आयुध निर्माणी आहे, आणि तेथीलच औद्योगिक वसाहतीतील 'प्रिसिहोल' ही कंपनी एअर रायफली तयार करते. रायफल हाती आली, की नवख्या नेमबाजापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो छर्र्यांचा. कोणते घ्यावेत आणि त्यासाठी किती पैसे मोजावेत?

कुसाळे याची रायफल .२२ बोअरची. तिला आणि तिच्या काडतुसांना परवान्याचे बंधन आहे. याउलट ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यातून मुक्त आहे. त्यामुळे हौशी नेमबाजाची सुरुवात बहुधा हिच्यापासूनच होते.

छर्रे टोकदार, गोल आणि चपट्या डोक्याचे असतात. टोकदार छर्रा दिसायला आकर्षक. परंतु त्याचे टोक अचूक मध्यावर नसेल तर तो भरकटतो. दहा मीटरवरील कागदी लक्ष्यासाठी चपट्या डोक्याचा, साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा उत्तम. तो कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो आणि गुण मोजणे सोपे जाते.

आता किमतीचा विचार. नेमबाजाच्या हाताची चूक आणि छर्र्याची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. दोहोंच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे लागते. समजा, हाताच्या अस्थिरतेमुळे नेम २० मिलिमीटर विखुरतो आणि स्वस्त छर्र्यामुळे ५ मिलिमीटर. एकूण विखुरणे होते सुमारे २०.६ मिलिमीटर. म्हणजे निर्दोष छर्रा आणूनही लाभ अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक. मात्र हात ५ मिलिमीटरपर्यंत स्थिरावला, की तोच छर्रा एकूण विखुरणे ७ मिलिमीटरवर नेतो. महागड्या छर्र्याचे मोल येथून सुरू होते. तोवरचा पैसा सरावावर खर्च करणे शहाणपणाचे. स्पर्धेत ६० नेम असतात. तितकेच रोज झाडले, तर ५०० छर्र्यांचा डबा जेमतेम आठ दिवस पुरतो.

तरीही 'स्वस्त' म्हणजे 'कोणताही' नव्हे. प्रत्येक नळीची आवड निराळी असते. शेजाऱ्याच्या रायफलीत अचूक जाणारा छर्रा आपल्या रायफलीत भरकटू शकतो. म्हणून तीन-चार प्रकारांचा एकेकच डबा घ्यावा. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवावी. स्प्रिंगची रायफल असल्यास मध्ये आपला तळहात घ्यावा, कारण कठीण आधारावर ती उसळते. छर्रा बदलल्यावर आधी दहा-बारा नेम नळी रुळण्यासाठी सोडून द्यावेत. मग दहा छर्रे एकाच बिंदूवर झाडून सर्वांत दूरच्या दोन भोकांमधील अंतर मोजावे. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. एका चांगल्या निकालात योगायोगाचा वाटा मोठा असतो. जो छर्रा दोन्ही दिवशी जवळजवळ पडेल, तोच आपला. मग त्याचेच डबे घ्यावेत, शक्यतो एकाच बॅचचे.

शिसे मऊ असते. डबा पडला की छर्र्यांची कड चेपते आणि असा छर्रा हमखास भरकटतो. तो बाजूला काढावा. पावसाळ्यात डबा घट्ट बंद ठेवावा. छर्रे तोंडात धरू नयेत आणि सरावानंतर हात साबणाने धुवावेत, कारण शिसे विषारी आहे.

परवाना लागत नाही, म्हणून एअर रायफल हे खेळणे ठरत नाही. तिचा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. दाट वस्तीतील सोसायटीची गच्ची ही सरावाची जागा नव्हे. त्यासाठी रेंजच गाठावी.