स्थलांतरक्षम आज्ञावली : कमांड लाइन साधनांचा पत्त्याचा प्रश्न

एखादी आज्ञावली संगणकावर स्थापित केली की ती आपल्या फोल्डरपुरतीच राहते, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः युनिक्स परंपरेतील अनेक कमांड लाइन साधनांच्या पोटात बांधणीच्या वेळीच त्यांचा पत्ता कोरला जातो. ऑटोकॉन्फ पद्धतीत 'प्रीफिक्स' म्हणून दिलेला मार्ग साहाय्यक फाइली शोधण्यासाठी वापरला जातो. प्रशासकीय अधिकार नसलेल्या विद्यार्थ्याने असा फोल्डर पेनड्राइव्हवरून दुसऱ्या यंत्रावर नेल्यास आज्ञावली सुरूच होत नाही. हे एका अर्थी बरेच. कारण जुन्या पत्त्यावर भलत्याच आवृत्तीची लायब्ररी सापडली, तर ती मुकाट्याने चालते आणि आलेले उत्तर कोणत्या आवृत्तीचे, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

विंडोजमध्ये डीएलएल फाइलींचा शोध सर्वसाधारणपणे आज्ञावलीच्या स्वतःच्या फोल्डरपासून सुरू होतो. त्यामुळे तेथे हा प्रश्न सौम्य आहे. लिनक्सचा लोडर मात्र आपणहून तेथे पाहत नाही. त्यासाठी बांधणी करताना 'आरपाथ'मध्ये डॉलर चिन्हासह 'ओरिजिन' हा शब्द नोंदवावा लागतो. आज्ञावली जेथे असेल ते फोल्डर, असा त्याचा अर्थ. (हे डॉलर चिन्ह मेकफाइल किंवा शेल वाटेतच गिळून टाकते, हा अनेकांचा पहिला अडथळा.) मॅकवर २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून 'ॲट-आरपाथ'ची सोय आहे. परंतु २०२० नंतरच्या ॲपल सिलिकॉन यंत्रांवर फाइलीतील मार्ग बदलला की तिची डिजिटल स्वाक्षरी अवैध ठरते व ती पुन्हा करावी लागते.

पायथॉन वा पर्लच्या स्क्रिप्टमधील पहिली ओळ हा वेगळाच पेच. तेथे दुभाष्याचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. 'एन्व्ह'चा आधार घेता येतो. पण मग शोधमार्गात जो पायथॉन प्रथम सापडेल तोच चालतो. कोंडा या व्यवस्थेने निराळी युक्ती योजली आहे : बांधणीच्या वेळी मुद्दाम लांबलचक कृत्रिम मार्ग लिहावयाचा, स्थापनेच्या वेळी त्याजागी खरा मार्ग भरावयाचा आणि द्विमान फाइलीत उरलेली जागा शून्यांनी बुजवावयाची. हे एकदाच केलेले स्थलांतर होय. स्थापित फोल्डर नंतर हलवल्यास मूळ अडचण कायम राहते.

लिनक्समध्ये खुद्द लोडरचा मार्ग निरपेक्षच द्यावा लागतो. कर्नल तेथे 'ओरिजिन'चा अर्थ लावीत नाही. म्हणून जीलिबसी बहुधा यजमान यंत्राचीच घेतली जाते आणि बांधणी मुद्दाम जुन्या वितरणावर केली जाते.