डोंबिवलीची संख्या

कुर्ला स्थानकावर कल्याणची गाडी पकडणारे असंख्य लोक रोज डोंबिवलीपर्यंत किंवा तिच्याहि पुढें जातात. परंतु त्या स्थानकाचें नांव अंकगणितांत शिरलें आहे, हें त्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. या मार्गावर जी. आय. पी. रेल्वे धांवत होती त्या काळीं 'डेम्लो' नांवाच्या या स्थानकावर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांस कांहीं चमत्कारिक संख्यांची कल्पना सुचली. कापरेकरांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला आणि १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. त्या संख्यांस त्यांनीं स्थानकाचेंच नांव दिलें.

त्यांतील सर्वांत देखणी ही : १२३४५६७८९८७६५४३२१. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें आहेत. ही संख्या सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानापर्यंत पोंचते. परार्ध तेथून एकच पायरी दूर. नऊ वेळां लिहिलेला एक, म्हणजे १११११११११, याचा हा वर्ग होय.

असें कां व्हावें? पाटीवर गुणाकार मांडला कीं नुसत्या एकांच्या नऊ ओळी येतात, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकते. म्हणून उजव्या टोकाच्या घरांत एक, शेजारच्या घरांत दोन, असे वाढत मधल्या घरांत नऊ एक जमतात. पुढें वरच्या ओळी संपत गेल्यानें बेरीज उतरूं लागते. हातचा म्हणून कोठेंच येत नाहीं. सगळें सौंदर्य त्या न आलेल्या हातच्याचें आहे. त्यांत दैवी संकेत शोधणाऱ्यांनीं एकदां पाटी हातीं घ्यावी.

या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ येते, आणि ८१ नें तिला निःशेष भागहि जातो. तिचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ आणि ३३३६६७. मधला नऊ वगळून १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ हे दोन तुकडे मिळविले तर ९९९९९९९९, म्हणजे मधलाच अंक आठ वेळां येतो. पुढें डेम्लो संख्येची व्याख्या याच गुणावर बसविण्यांत आली. १६६५ ही त्याच जातीची. टोकांचे १ आणि ५ मिळून मधला ६ होतो.

कित्येक विद्वानांस हा पोरखेळ वाटला. कापरेकरांजवळ बी. एस्सी. च्या वरची पदवी नव्हती. १९७५ च्या मार्चमध्यें मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्या कामाविषयीं लिहिल्यावर मात्र त्यांचें नांव दूरवर गेलें. डेम्लो संख्यांवर मोठें शास्त्र उभें राहिलें नाहीं, हें खरें. पण ज्या पोराला नवानंतर काय होतें असा प्रश्न पडतो, तें पोर गणितच करीत असतें.

दहा एकांचा वर्ग करावा. मधल्या घरांत दहा जमतात. हातचा डावीकडे जातो, तेथील नवाचे दहा करतो, आणि पुढच्या आठाचा नऊ करून थांबतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ नाहींसा झाला, उतरंड मोडली, आणि एकोणीस अंक झाल्यामुळें परार्धाचीहि मर्यादा ओलांडली. दोष संख्येचा नव्हे, दहांनीं मोजण्याच्या आपल्या रीतीचा. डझनांनीं मोजणारा कोणी असेल, तर त्याची उतरंड अकरा एकांच्या वर्गापर्यंत शाबूत राहील. दहा आणि अकरा यांकरितां दोन नवीं चिन्हें मात्र त्याला शोधावीं लागतील.