आवृत्ती नवी, कोड जुना

• क्रमांक वाचताना : ४.२.१ मध्ये पहिला अंक बदलला, तर जुना कोड मोडू शकतो. दुसरा म्हणजे नवी सोय, तिसरा म्हणजे दुरुस्ती. (निदान संकेत तसा आहे.)

• कामे दोन : लायब्ररीची नवी आवृत्ती घेणे वेगळे, तिच्यानुसार स्वतःचा कोड बदलणे वेगळे. पहिल्यासाठी साधने : रेनोव्हेट, डिपेंडाबॉट (सुरुवात २०१७, २०१९ पासून गिटहबकडे). डिपेंडाबॉटला वार, वेळ आणि ‘आशिया/कोलकाता’ हे वेळक्षेत्र नेमून देता येते. कल्याण-डोंबिवलीकराने लोकल पकडण्याआधीच बदलाचा प्रस्ताव तयार. मंजुरी सहसा माणसाची.

• दुसऱ्या कामासाठी, कोड बदलणारे साधन : पायथन ३ (२००८) सोबत ‘टू-टू-थ्री’ आले. जुन्या ‘प्रिंट "ठाणे"’चे ते ‘प्रिंट("ठाणे")’ करी. मजकूर आणि बाइट यांतला फरक मात्र हातानेच सोडवावा लागे. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, ३.१३ (२०२४) मधून हे साधनही गेले.

• आधीची मोहीम : वायटूके, म्हणजे साल २००० ची अडचण. दोन अंकी सालाच्या दुरुस्तीसाठी टीसीएसने ‘फॅक्टरी’ पद्धत व स्वयंचलित साधने वापरली.