एसीपींना कशाला मारलंत?

मालिकेतलं माणूस गेलं म्हणून कुणी आंघोळ करत नाही. पण एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला ‘सीआयडी’मधल्या एसीपी प्रद्युम्नना बॉम्बस्फोटात मारून टाकलं आणि अनेक घरांत खरोखरच सुतक आल्यासारखं झालं. पाठोपाठ वाहिनीनं त्यांना श्रद्धांजली वाहणारी पोस्ट टाकली. ती पाहून कित्येकांच्या काळजात चर्र झालं. गेलं कोण, एसीपी की शिवाजी साटम? साटम ठणठणीत आहेत हे कळल्यावर जीव भांड्यात पडला खरा, पण मग आला तो राग. ‘अहो, कशाला मारलंत? कुणी सांगितलं होतं?’

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? मालिकाच तर आहे! पण मैत्रिणींनो, जरा थांबा. हा राग वेडेपणाचा नाही. त्यात आपल्याला स्वतःबद्दलही बरंच काही सापडेल.

शुक्रवारची रात्र

‘सीआयडी’ सोनी वाहिनीवर सुरू झाली २१ जानेवारी १९९८ ला. दिग्दर्शक बी. पी. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. त्यांची आणि साटमांची जोडी मराठी प्रेक्षकांना त्याआधीपासून ठाऊक होती, ती दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ या पोलिसी मालिकेमुळे. बँकेतली नोकरी आणि नाटक अशा दोन दगडांवर पाय ठेवून वर आलेला आपला मराठी माणूस हिंदीत एसीपी झाला, याचं आपल्याला केवढं कौतुक! त्यात अश्विनी काळसेकर, आशुतोष गोवारीकर, फ्रेडीच्या भूमिकेतले दिनेश फडणीस, डॉ. तारिका झालेली श्रद्धा मुसळे अशी आपलीच माणसं. मालिका हिंदी असली तरी घरातलीच वाटायची.

आणि ती होती बाकीच्या मालिकांपेक्षा निराळी. सासू-सुनांच्या मालिकांत एक लग्न महिनाभर चालायचं. इथे तासाभरात खून, तपास, प्रयोगशाळा, दार तोडणं आणि खुन्याच्या मुस्काटात! आठवडाभर घरात, शेजारात, ऑफिसात जे कधीच निकाली लागत नाही, ते इथं झोपायच्या आत निकाली लागायचं. गुन्हेगार सापडतोच, याचं समाधान काही लहान नाही.

लहान गावांत तर वेगळीच तऱ्हा. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत नेमके शेवटच्या दहा मिनिटांत दिवे जायचे. मग दुसऱ्या दिवशी नळावर, नाहीतर शाळेच्या फाटकाशी पहिला प्रश्न : ‘काल खुनी कोण निघाला गं?’ ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांचा भाव एकदम वधारायचा.

७ नोव्हेंबर २००४ ला तर त्यांनी एकशे अकरा मिनिटांचा भाग एकही कट न घेता दाखवला होता. तेव्हा त्या विक्रमाचं तांत्रिक महत्त्व किती जणींना कळलं असेल कोण जाणे, पण ‘आमच्या सीआयडीनं रेकॉर्ड केलं’ असं अभिमानानं सांगितलं मात्र सगळ्यांनी. आमच्या! हा शब्द लक्षात ठेवा. भांडणाचं मूळ तिथंच आहे.

संशय कुणावर घ्यायचा नाही?

रहस्यमालिकेत माणसं बदलली की इतर मालिकांपेक्षा जास्त का टोचतं? उत्तर सोपं आहे. अशा मालिकेत येणारा प्रत्येक नवा चेहरा संशयित असतो. नवरा, भाऊ, नोकर, डॉक्टर, शेजारची गोड बोलणारी बाई, कुणाचाच भरवसा नाही. भरवसा फक्त त्या चार-पाच जणांचा. एसीपींची हवेत फिरणारी बोटं, दयाचा खांदा, अभिजीतची तिरकी नजर, साळुंखे डॉक्टरांची कुरकुर. एवढंच काय ते पक्कं. त्यालाच हात लावला तर बघणाऱ्यानं टेकायचं कुठं?

२१ डिसेंबर २०२४ पासून मालिका नव्यानं सुरू झाली, तेव्हा लेखनातला मोठा बदल हाच होता. एका भागात एक केस मिटवण्याची जुनी सवय सोडून मागे एक लांबलचक कथा ओढली गेली. दया आणि अभिजीत, ज्यांच्या मैत्रीची उदाहरणं दिली जायची, ते एकमेकांसमोर पिस्तूल रोखून उभे राहिले. अभिजीतनं दयावर गोळी झाडली! कुणाला हा बदल आवडला, ‘चला, काहीतरी नवीन’ म्हणून. पण कुणाला वाटलं, घरातले दोन भाऊ वाटणीवरून भांडताना बघतोय की काय. त्यानंतर आला तिग्मांशू धुलियांनी रंगवलेला बार्बोझा. त्याच्या कटात एसीपींचा बळी गेला आणि त्यांच्या खुर्चीत एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान येऊन बसला.

पार्थ मूळचा पुण्याचा, नाव कमावलेला, देखणा नट. त्याचा काय दोष? पण प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं ते नव्या सुनेकडे पाहावं तसं. ‘आधीची कशी होती!’ हेच पालुपद. साटमांनीही त्या दिवसांत मुलाखतीत सांगितलं की, आपण रजा घेतली आहे आणि पात्र संपल्याचं आपल्याला कुणी कळवलेलं नाही. झालं, आगीत तेल! ज्या माणसानं पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत हे पात्र सांभाळलं, त्यालाच पत्ता नाही?

शेवटी व्हायचं तेच झालं. फार दिवस गेले नाहीत, एसीपी प्रद्युम्न जिवंत परतले आणि आयुष्मानसाहेबांनी निरोप घेतला. आधीपासून असंच ठरलं होतं की प्रेक्षकांच्या रागापुढं नमतं घेतलं, हे पडद्यामागच्यांनाच ठाऊक. आपल्या बायकांनी मात्र सरळ अर्थ काढला, ‘बघा, आम्ही ओरडलो म्हणून आणला!’

डॉयलच्या आईनं सांगितलं होतं…

हे काही आजचं नाही बरं का. शेरलॉक होम्सला जन्म देणारे आर्थर कॉनन डॉयल त्याला कंटाळले होते. १८९१ मध्ये त्यांनी आईला पत्रातून कळवलं की, आता याला संपवून टाकावं म्हणतो. आईनं साफ विरोध केला. आईचं ऐकून त्यांनी दोन वर्षं दम धरला, पण डिसेंबर १८९३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यात होम्सला ढकलून दिलंच. वाचक चिडले, संतापाची पत्रं आली, कित्येकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. १९०१ मध्ये त्यांनी होम्सची एक ‘आधीची’ म्हणून कथा लिहिली आणि १९०३ मध्ये त्याला चक्क जिवंत परत आणलं. म्हणजे एसीपी प्रद्युम्न एकटे नाहीत! आईचं आधीच ऐकलं असतं तर एवढा खटाटोप वाचला असता, नाही का?

आपल्याकडे २००१ च्या सुमारास ‘क्यूंकी सास भी कभी बहू थी’मधल्या मिहीरच्या मृत्यूनं असाच हलकल्लोळ झाला होता. मिहीरही परतला. पुढे त्याचा चेहरा दोनदा बदलला, तरी तुळशीनं आणि आपण तो स्वीकारला.

मराठीतही पाहा. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये आली, तेव्हा नाईकांच्या वाड्यातलं गूढ हा घरोघरचा विषय होता. २०१९ मध्ये दुसऱ्या भागात गोष्ट मागच्या काळात गेली आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक व अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांनी महाराष्ट्राला वेड लावलं. तिसऱ्या भागात, २०२१ मध्ये, अपूर्वा बाहेर पडली आणि शेवंता झाली कृतिका तुळसकर. शेवंताचं भूत तेच, चेहरा वेगळा! मेलेल्या बाईचा चेहराही बदलू नये असं प्रेक्षकांना वाटलं, यातच त्या नटीचं यश आलं. आणि दुसऱ्याच्या गाजलेल्या भूमिकेत पाऊल टाकणाऱ्या मुलीचं धाडसही.

मुस्कान कुठं गेली?

आता एक मुद्दा, ज्याबद्दल फारसं कुणी ओरडलं नाही.

‘सीआयडी’ २७ ऑक्टोबर २०१८ ला थांबली तोवर पंधराशेहून अधिक भाग झाले होते. या वीस वर्षांत एसीपी, दया, अभिजीत आणि साळुंखे जागचे फारसे हलले नाहीत. दया दार तोडता तोडता पोक्त झाला, साळुंखेंचे केस वेगवेगळ्या तऱ्हांनी पिकले. पण बायका? इन्स्पेक्टर आशा आली, गेली. अदिती आली, गेली. मोना आंबेगावकरची डॉ. अंजलिका देशमुख काही काळ दिसली. मुस्कान, काजल, ताशा, श्रेया… बदलीवर आलेल्या बाईंसारख्या आल्या आणि गेल्या. पूर्वी काय ती बरीच वर्षं टिकली आणि नव्या पर्वातही दिसली. तारिकानंही प्रयोगशाळेत चांगलं बस्तान बसवलं, पण तिची आठवण काढली की आधी अभिजीतचं लाजणंच आठवतं.

नट-नट्या मालिका सोडतात त्याला कारणं असतात. दुसरं काम मिळतं, करार संपतो, लग्न, बाळंतपण, तब्येत. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार लेखकांबद्दल आहे. कितीतरी पात्रं ‘उद्यापासून येणार नाही’ एवढंही न सांगता गायब झाली. काल सोबत पुरावे गोळा करणारी बाई आज नाही, आणि ब्युरोत कुणी विचारतही नाही, ‘अरे, ती कुठं गेली?’ खून झालेल्या परक्या माणसासाठी अख्खी टीम रात्रंदिवस धावते आणि आपल्याच सहकारी बाईचा तपास कुणी करत नाही!

आणि आपण? आपणही दोन आठवड्यांत नवीला सरावलो. एसीपींसाठी आपण जो आवाज उठवला, तो या मुलींसाठी उठवला नाही. कदाचित आपल्याला त्याची सवयच असेल. नोकरी सोडून घरी बसलेली, बदली झालेली, लग्न होऊन गेलेली बाई आपणही अशीच विसरतो. पंधरा वर्षं बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या बाई एक दिवस दिसत नाहीत. त्यांचं काय झालं हे विचारायचं राहूनच जातं.

खरं जाणं आणि खोटं जाणं

५ डिसेंबर २०२३ ला दिनेश फडणीस गेले. वय अवघं सत्तावन्न. बायकोच्या धाकात असलेला, भुतांना घाबरणारा, भाबडा फ्रेडी. इतक्या मारामारीच्या मालिकेत तोच काय तो हसवायचा. त्यांच्या जाण्यानं लोक मनापासून हळहळले. मालिका नव्यानं सुरू झाली तेव्हा फ्रेडीची जागा रिकामी होती आणि ती रिकामी जागा सगळ्यांना दिसत होती.

म्हणूनच दीड वर्षाच्या आत एका काल्पनिक मृत्यूला खऱ्यासारखी श्रद्धांजली वाहिली गेली, ते अनेकांना खटकलं. गोष्टीत माणूस मारायचा अधिकार लेखकाला जरूर आहे. पण घरात वयस्कर माणसं मालिका बघत असतात, त्यांनी त्या नटाबरोबर पंचवीस वर्षं काढलेली असतात. त्यांच्या छातीत धस्स होईल याचा विचार जाहिरात करणाऱ्यांनी करायला हवा की नको?

मग आपलं काय चालतं?

मालिका चालते ती टीआरपीवर. २०१५ मध्ये ‘बार्क’ची मोजणी सुरू झाली आणि त्याच वर्षी खेड्यापाड्यांतली घरंही तिच्यात आली. म्हणजे मुंबईतल्या गोऱ्यागोमट्या दिवाणखान्याइतकंच आपल्या गावातल्या ओट्याजवळच्या टीव्हीलाही मोल आलं. वाहिनीवाले आकडे वाचतात, आणि राग असो की प्रेम, लोक बोलताहेत म्हटल्यावर कान देतात.

हे हत्यार आपल्या हातात आहे, तर ते जपून वापरू या. राग लेखनावर काढावा, नव्या नटावर काढू नये. तो बिचारा कुणाची तरी जागा घ्यायला निघालेला नसतो, मिळालेलं काम करत असतो. पात्र जाणारच असेल तर निदान नीट निरोप देऊन जाऊ दे, असं म्हणावं. आणि हो, पुढच्या वेळी पडद्यावरून एखादी इन्स्पेक्टरीणबाई न सांगता नाहीशी झाली, तर एसीपींसाठी विचारलं तसं तिच्यासाठीही विचारू या. हवेत बोटं फिरवून विचारलं तरी चालेल :

‘दया, कुछ तो गडबड है!’