तारणाऱ्याची देखभाल

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा विदर्भ मुंबई राज्यात आला, हे दोन तालुके मात्र मध्य प्रदेशातच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचाच पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा, जाम नदी आणि तिच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणारी गोटमार ही या मुलखाची ओळख. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर. पोरबंदरला तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर कोसळले, तर त्याचे सौंसरच्या शेतकऱ्याला काय, असे कोणी विचारील. उलट, वायुदलाच्या नागपुरातील मुख्यालयाशी कोकणातल्या नाखव्याला काय कर्तव्य, असेही कोणी म्हणेल. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. पुरात अडकलेला माणूस आणि वादळात सापडलेला खलाशी, दोघांचेही अखेरचे आशास्थान आकाशातून येणारे यंत्र हेच असते. आणि ते यंत्र वेळेवर येईल की नाही, हे ठरते दुरुस्तीच्या छपराखाली.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस छिंदवाडा जिल्ह्यात पेंच नदीच्या पुरात अडकलेल्या एका माणसाला वायुदलाच्या हेलिकॉप्टरनेच बाहेर काढले. पांढुर्णा आणि सौंसर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. आपल्या किनाऱ्याला मे २०२१ चे तौक्ते वादळ विसरता येणार नाही. मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जण वाचले. ‘गाल कन्स्ट्रक्टर’ या दुसऱ्या तराफ्यावरील सर्व १३७ जणांना हेलिकॉप्टरांनी उचलून किनाऱ्यावर आणले. अशा वेळी हेलिकॉप्टर दारात उभे आहे, पण एक सुटा भाग नसल्याने उडू शकत नाही, हे कोणी कोणास सांगावे?

ही केवळ कल्पना नाही. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने घडविलेले ‘ध्रुव’ हे आपले स्वदेशी हेलिकॉप्टर २००२ पासून सेवेत आहे. त्याने हिमालयात आणि सागरावर असंख्य जीव वाचविले, याचा अभिमान आम्हांला आहे. तटरक्षक दलासाठी त्याच्या नव्या, सुधारित अशा १६ हेलिकॉप्टरांचा करार २०१७ मध्ये झाला. शोध व बचाव हेच त्यांचे प्रमुख काम. परंतु ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचे एक ध्रुव मुंबईजवळ समुद्रात उतरवावे लागले. त्याच महिन्यात, २६ तारखेस, तटरक्षक दलाचे एक ध्रुव कोचीला पडले. तेव्हा पात्यांचे नियंत्रण करणारे अल्युमिनियमचे दांडे बदलून पोलादी बसविण्यात आले. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ‘हरि लीला’ या तेलवाहू जहाजावरील जखमीला आणण्यासाठी निघालेले ध्रुव पोरबंदरजवळच्या समुद्रात पडले. चौघांपैकी तिघांचा अंत झाला. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरच्याच विमानतळावर आणखी एक ध्रुव कोसळून जळाले. त्यातही तिघे गेले. दुसऱ्याला वाचविण्याचे व्रत घेतलेली ही माणसे होती.

त्यानंतर तिन्ही सेनादले आणि तटरक्षक दल यांची मिळून सुमारे ३३० ध्रुव एकाच वेळी जमिनीवर ठेवावी लागली. त्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातही ती दिसली नाहीत. तपासात ‘स्वॉशप्लेट’ नावाचा भाग तुटल्याचे आढळले. वैमानिकाच्या हातातील दांड्याची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचविणारी ही चकती. ती मोडली की वैमानिक कितीही निष्णात असो, हेलिकॉप्टर त्याचे ऐकत नाही. मे २०२५ मध्ये भूदल आणि वायुदल यांच्या ध्रुवांना पुन्हा उडण्याची परवानगी मिळाली. नौदलाची आणि तटरक्षक दलाची ध्रुव मात्र पावसाळा तोंडावर आला असताना जमिनीवरच होती. किनाऱ्याला ज्यांची सर्वाधिक गरज, तीच सर्वांत मागे राहिली.

हेलिकॉप्टर हे मोटारीसारखे नव्हे. त्याच्या महत्त्वाच्या प्रत्येक भागाचे आयुष्य उड्डाणाच्या तासांत मोजलेले असते. ते सरले की भाग वरकरणी धडधाकट दिसला तरी बदलावाच लागतो. समुद्रावर त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. गंज डोळ्यांना दिसण्याआधी धातूला खातो. कोठारात नवा भाग नसला की उभ्या असलेल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरचा काढून लावण्याची पाळी येते. म्हणजे एकाला उठविण्यासाठी दुसऱ्याला कायमचे निजवायचे. कागदावर दोन्ही हेलिकॉप्टरे शाबूत असतात, प्रसंगी मात्र एकच उपयोगी पडते.

परदेशी यंत्रे घेतली म्हणजे ही चिंता मिटते, असेही नाही. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे ब्रिटनमध्ये बनलेली. तरी १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घालताच त्यांचे सुटे भाग अडले. श्रीमंत नॉर्वेचा अनुभवही बोलका आहे. त्या देशाने २००१ मध्ये तटरक्षक दल आणि युद्धनौका यांच्यासाठी ‘एनएच-९०’ जातीची १४ हेलिकॉप्टरे मागविली. वर्षाला ३,९०० तास उड्डाणाची गरज असताना ती जेमतेम ७०० तास उडू लागली, तेव्हा जून २०२२ मध्ये सरकारने करारच मोडला आणि हेलिकॉप्टरे परत घेऊन पैसे द्या, असे बजावले. आपल्यापाशी तसे बजावण्याइतका हिशेब तरी उघड आहे काय?

येथे नागपूरचा संबंध येतो. वायुदलाच्या अनुरक्षण कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे. पांढुर्णा आणि सौंसर तेथून रस्त्याने दीड-दोन तासांच्या अंतरावर. वायुदलाची विमाने आणि हेलिकॉप्टरे यांची मोठी दुरुस्ती, सुट्या भागांचा साठा आणि पुरवठा ही या कमांडची जबाबदारी. पूरग्रस्तांना उचलणाऱ्या रशियन बनावटीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांची मोठी दुरुस्ती तिच्या चंडीगडच्या आगारात होते. तेथील तंत्रज्ञांच्या कौशल्याबद्दल आम्हांला शंका नाही. शंका आहे ती निर्णयांच्या गतीबद्दल. एमआय-१७ च्या सुधारणेचा प्रस्ताव २००२ चा, त्याचा करार झाला जानेवारी २०१७ मध्ये. या दिरंगाईवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी कडक ताशेरे ओढले आहेत. पंधरा वर्षे फाईल फिरत राहते, तेव्हा यंत्रे काही तरुण होत नाहीत.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. हेलिकॉप्टर खरेदीच्या करारातच सुटे भाग, दुरुस्तीची हत्यारे आणि तंत्रज्ञांचे शिक्षण यांचा पुढील अनेक वर्षांचा बंदोबस्त असावा. किती यंत्रे दिली यावर नव्हे, तर त्यांतील किती उडण्यास सज्ज राहिली यावर मोबदला द्यावा. दुसरे असे की, बचावकार्याची सर्व भिस्त एकाच जातीच्या यंत्रावर ठेवू नये. एक चकती तुटल्यावर सारा किनारा उघडा पडावा, ही व्यवस्था नव्हे. आणि तिसरे, बचावासाठी राखलेल्या हेलिकॉप्टरांपैकी किती सज्ज आहेत, हे दर पावसाळ्यापूर्वी संसदेपुढे ठेवावे. युद्धाची गुपिते जरूर राखावीत. पण बुडणाऱ्याच्या मदतीस येणारे यंत्र नादुरुस्त आहे, हे शत्रूपासून लपविताना आपण ते बुडणाऱ्यापासूनच लपवीत असतो. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या सरकारांनीही सीमेवरील तालुक्यांसाठी नागपूरच्या तळाशी आधीच बोलून ठेवावे. पाणी छपरावर आल्यावर राज्याची हद्द शोधत बसणे परवडणारे नाही.

देखभालीचे महत्त्व आपल्या समाजाला नव्याने शिकवावे लागत नाही. पांढुर्ण्याचा शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतो आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. आपला नाखवा पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून तिची डागडुजी करतो आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून मगच ती पाण्यात लोटतो. ज्याच्यावर पोट आणि प्राण अवलंबून, त्याची निगा आधी, काम मागून, हे दोघांनाही ठाऊक आहे. नवे हेलिकॉप्टर आले की नारळ फोडून छायाचित्रे काढणाऱ्या राज्यकर्त्यांना ते ठाऊक असल्याचे अजून दिसायचे आहे. पोरबंदरला गेलेल्या जवानांना श्रद्धांजली वाहून झाली. आता त्यांच्या जागी जे उड्डाण करतील, त्यांना निर्दोष यंत्र मिळाले पाहिजे.