पाण्याचा हिशेब, चौकटीचौकटीने

मुळशी तालुक्यातल्या माले गावाशेजारी धरणाचा जलाशय पसरला आहे. पावसाळ्यात तो भरतो, उन्हाळ्यात काठची जमीन उघडी पडते. हा चढउतार हेक्टरांत मोजायला आज होडी लागत नाही. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे साधारण पाच दिवसांनी नवी येतात आणि फुकट मिळतात. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअरही विनामूल्य आहे. घोडे अडते ते प्रोग्रामिंगपाशी. त्यातून वाट काढते दृश्य प्रोग्रामिंग: आज्ञांच्या ओळी लिहायच्या नाहीत, एकेका कामाची चौकट पडद्यावर ठेवायची आणि रेषांनी जोडायची. हे सोपे आहे म्हणून त्याचे कौतुक होते. त्याचे खरे मोल मात्र वेगळे आहे: त्यात हिशेब सर्वांसमोर उघडा राहतो.

कसा, ते मुळशीच्याच पाण्यावर पाहू. पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परत पाठवते, पण डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश बहुतेक गिळून टाकते. झाडोऱ्याचे उलट असते. म्हणून पहिल्या दोन चौकटींत या दोन प्रकाशांची चित्रे घ्यायची. तिसरीत हिरव्यातून अवरक्त वजा करून त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागायचे. परत आलेल्या प्रकाशाचे प्रमाण हिरव्यात 0.08 आणि अवरक्तात 0.03 असेल, तर उत्तर 0.45 येते: पाणी. हिरवा तेवढाच आणि अवरक्त 0.30 असेल, तर उत्तर उणे 0.58: झाडी. चौथ्या चौकटीत चित्रातले शून्याच्या वर उत्तर आलेले ठिपके निवडायचे, पाचवीत ते मोजायचे. एक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. म्हणजे शंभर ठिपक्यांचा एक हेक्टर. पाच चौकटींची ही साखळी भूगोलाच्या शिक्षकालाही वाचता येते आणि 'शून्यच का?' असे विचारताही येते.

जाणकारांचा आक्षेप असा, की चौकटी जोडणाऱ्याला आत काय चालते ते कळत नाही आणि चुकीचे उत्तरही झोकात बाहेर पडते. आक्षेप खरा आहे. हिवाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवरची गडद सावली पाणी म्हणून मोजली जाऊ शकते. पावसाळ्यात ढगांमुळे तळेच दिसत नाही, तेव्हा सेंटिनेल-1 च्या रडारकडे वळावे लागते. शिवाय पसारा कळला म्हणजे साठा कळला असे नाही. त्याला खोली माहीत हवी. पण या चुका लिहिलेल्या प्रोग्राममध्येही होतात, आणि तिथे त्या फक्त प्रोग्रामरलाच सापडतात. दुसरा आक्षेप, काम वाढले की रेषांचे जाळे होते. तेही खरे, म्हणूनच क्यूजीआयएसमधली मांडणी पायथॉन प्रोग्राम म्हणून बाहेर काढता येते. चौकटी ही सुरुवात आहे, कुंपण नव्हे.

मुळशीच्या याच खोऱ्यात 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, तो धरणात जमिनी बुडू नयेत म्हणून. तेव्हा किती जमीन पाण्याखाली जाते हा इथे नुसता तांत्रिक प्रश्न कधीच नव्हता. असा आकडा कोणी पुढे केला, तर त्याच्या चौकटीही मागून घ्याव्यात.