दीड मासा दारू

१९५९च्या शस्त्र अधिनियमात कलम १३ मध्ये शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. पिकाच्या राखणीची गरज खरी असेल, तर तोंडाकडून ठासायच्या बंदुकीचा परवाना द्यावा, अशी तरतूद तिथे आहे. अशा बंदुकीने भागणार नाही असं परवाना अधिकाऱ्याला वाटलं, तर आतून गुळगुळीत, बिनआट्याच्या नळीची दुसरी बंदूक देण्याची मुभाही त्याला आहे. कोकणात ही ठासणीची बंदूक, आपल्या विदर्भात भरमार. जगाने दीडशे वर्षांपूर्वी मोडीत काढलेलं हत्यार आपल्या कायद्यात शेतीच्या अवजारांशेजारी बसलं आहे.

यवतमाळ जिल्ह्यात त्यामागचं कारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पांढरकवड्याकडे टिपेश्वर, उमरखेडकडे पैनगंगा, आणि दोन्ही अभयारण्यांच्या कडेला तूर, सोयाबीन, कपाशी. रोही आणि रानडुक्कर रात्रीतून वावर लोळवतात. म्हणून जागल आली. मात्र बंदुकीचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्यासाठी वेगळी परवानगी लागते. त्यामुळे राखणीच्या भरमारीचं अर्धंअधिक काम तिचा आवाजच करतो. बार दणदणीत झाला म्हणजे झालं. तिथे दारू अंदाजाने पडली तरी चालते.

हीच ठासणी पिस्तुलात आली आणि समोर कागदी लक्ष्य लावलं की मात्र अंदाज चालत नाही. युरोप-अमेरिकेत हा रीतसर खेळ आहे. १९७१ पासून त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. टोपीच्या अस्सल जुन्या पिस्तुलांच्या स्पर्धेला बव्हेरियातल्या कुखेनरॉयटर या बंदूककार घराण्याचं नाव आहे, तर गारगोटीच्या पिस्तुलांच्या स्पर्धेला इटलीतल्या कोमिनाझो घराण्याचं. अंतर २५ मीटर, वेळ अर्धा तास, बार १३. त्यांतले उत्तम १० मोजायचे. लक्ष्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ ५ सेंटिमीटर व्यासाचं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच सेंटिमीटरने बाहेर. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, त्या प्रकाराच्या पहिल्या टप्प्यातही लक्ष्याची मापं हीच असतात. फरक हा की राहीची काडतुसं कारखान्यातून एकसारखी येतात. ठासणीवाल्याला प्रत्येक बार स्वतः भरावा लागतो.

मग दारू किती घालावी? जगभर हे माप ग्रेनमध्ये सांगतात. आपल्या तोळ्याचे १८० ग्रेन, म्हणजे एका माशाचे १५. लक्ष्यवेधी पिस्तुलाचा नेहमीचा बार एक ते दोन माशांच्या आत-बाहेर असतो. दीड मासा म्हणजे साडेबावीस ग्रेन, साधारण दीड ग्रॅम. सराफाच्या काट्यावर तोलायची ही चीज आहे.

दारू दुप्पट केली की वेग दुप्पट होतो, हा पहिला गैरसमज. दारूतली ऊर्जा दुप्पट होते. वेग ऊर्जेच्या वर्गमुळाने वाढतो. म्हणजे हिशेबाने फार तर १.४ पट, आणि पिस्तुलाच्या आखूड नळीत तेवढाही नाही, कारण गोळी तोंडाबाहेर पडते तेव्हा वायूचा बराच जोर मागेच उरलेला असतो. तो हाताला धक्का देण्यात आणि हवेत भडका करण्यात जातो.

वेग मोजण्याची खात्रीची रीत बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२च्या आपल्या ग्रंथात मांडली. जड लाकडी ठोकळा टांगायचा, त्यात गोळी मारायची आणि ठोकळा किती झुलला ते फितीवर मोजायचं. समजा ठोकळा १० किलोचा, दोरी २ मीटरची आणि शिशाची गोळी ८ ग्रॅमची. सेकंदाला २०० मीटर वेगाची गोळी त्याला सुमारे ७.२ सेंटिमीटर सरकवील, २५० मीटरची ९ सेंटिमीटर. डोळ्याला न दिसणारी गोष्ट अशी पट्टीवर उतरली. पुढे हाच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. आज वेग मोजण्याचं काम दोन प्रकाशपडद्यांचं इलेक्ट्रॉनिक यंत्र करतं.

आता दोन बार शेजारी ठेवून पाहू. हवेचा अडथळा सोडून दिला, तर २०० मीटर वेगाची गोळी २५ मीटरवर पोहोचेपर्यंत ७.७ सेंटिमीटर खाली येते, २५० वेगाची ४.९. फरक २.८ सेंटिमीटर, म्हणजे लक्ष्यावर एका वर्तुळाहून थोडा जास्त. पण हा फरक नेमाची माशी वर-खाली करून भरून काढता येतो. भरून काढता येत नाही तो एकाच मापाच्या दोन बारांमधला फरक. समजा मोठा बार सरासरी २५० चा, पण १५ ने वर-खाली होणारा. त्याच्या गोळ्या उभ्या दिशेने १.२ सेंटिमीटर पसरतील. लहान बार २०० चा, पण ४ च्याच फरकाचा असेल, तर ०.६ सेंटिमीटर. संथ गोळी जिंकली! मात्र लहान बारातही १५ चाच फरक राहिला, तर पसारा २.३ सेंटिमीटरवर जातो. संथ गोळीला चूक महाग पडते. म्हणून ‘कमी दारू म्हणजे चांगला नेम’ हेही अर्धसत्यच. जे माप पुन्हापुन्हा तोच वेग देतं, ते खरं. यंत्रावर सरासरी वेग आधी वाचला जातो. जाणता नेमबाज आधी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांतलं अंतर पाहतो.

हे अंतर कशाने वाढतं? पहिलं कारण काजळी. नोबल आणि एबल या संशोधकांनी १८७५ मध्ये दाखवून दिलं की सोरा, गंधक आणि कोळशाची ही दारू जळाल्यावर वजनाने निम्म्याहून थोडा कमी वायू होतो; उरलेलं सगळं घनरूप, धूर आणि किटण. ते नळीत साचतं आणि हवेतला ओलावा ओढतं. वैशाखात यवतमाळच्या कोरड्या उन्हात ते टणक खपली होऊन बसेल आणि पुढची गोळी अडेल. श्रावणात त्याचाच ओलसर लगदा होईल. एकाच मापाला दोन ऋतूंत दोन वेग. म्हणूनच अनेक नेमबाज प्रत्येक बारानंतर ओलसर फडकं नळीतून फिरवतात.

दुसरं कारण ठासण्यातला फरक. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली, तर वेग बिघडतोच, नळीही फुगू शकते. म्हणून गजावर खूण करून गोळी दर वेळी त्याच खोलीवर बसवतात. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये माप लहान पडलं, तर उरलेली जागा भरायला चक्क रवा घालतात. शिऱ्याचा रवा, तोच! पिस्तुलात गोळीभोवती चरबी लावलेलं सुती फडकं असतं. ते गोळी नळीच्या आट्यांत घट्ट धरतं. त्याच्या जाडीतला केसभर फरकही यंत्रावर दिसतो.

मोठ्या बाराची बाजू मांडणारा मोठा माणूस आपल्या शेजारचाच. निमाडचा डेप्युटी कमिशनर जेम्स फॉरसिथ याने १८६३ मध्ये शिकारी रायफलीवर पुस्तक लिहिलं. वाघ-गव्याच्या शिकारीत अंतर नीट हेरायला वेळ नसतो, म्हणून गोळीचा मार्ग सपाट हवा आणि त्यासाठी दारू भरपूर हवी, हा त्याचा मुद्दा. पण दारू वाढली की गोल गोळी आट्यांवरून घसरते. म्हणून त्याने कित्येक फुटांत एकच वेढा घेणारे सौम्य आटे सुचवले. जंगलासाठी त्याचं म्हणणं बिनतोड होतं. २५ मीटरच्या कागदाला त्या सपाट मार्गाचं काही पडलेलं नाही.

या काळ्या दारूची सद्दी कापसानेच संपवली. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लाची क्रिया करून स्फोटक कापूस जाहीर केला. त्यातूनच १८८४ मध्ये व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची बिनधुराची दारू निघाली. तिचा दाब काळ्या दारूच्या नळीला झेपत नाही. ठासणीच्या हत्यारात ती घालणं म्हणजे हाताच्या चिंधड्या करून घेणं.

हे सारं यवतमाळच्या परवानाधारकाच्या कामाचं आहे का? पिस्तूल कलम १३ मधल्या राखणीच्या सवलतीत बसत नाही, आणि वावरात पाव सेंटिमीटर कुणी मोजत नाही. तरी एक गोष्ट दोघांना सारखीच लागू आहे. मोठा आवाज हा जोराचा पुरावा नव्हे, आणि जोर हा नेमाचा पुरावा नव्हे. आवाजासाठी वाढवलेल्या मापाचा भार शेवटी जुन्या नळीवर पडतो, आणि ती नळी गालाला लावलेली असते. ठरलेलं एकच मापटं, गजावरची खूण आणि वेळच्या वेळी पुसलेली नळी ही शिस्त स्पर्धेत गुण देते. जागलीवरच्या माणसाचे हात आणि डोळे शाबूत ठेवायलाही तीच लागते.